उमेदवाराने मतदारास पाणी देऊ नये

बिबवेवाडीतल्या ‘कृतार्थ’ सोसायटीची ती सभा खरं तर चहा निवायच्या आत संपली होती. मे महिना होता, टाकी कोरडी होती, पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्यांवर चोवीस बिऱ्हाडांची माणसं घाम पुसत बसली होती, आणि वरच्या मजल्यावरच्या हिंदुरावांनी उभं राहून एवढंच सांगितलं होतं, "मला पाच वर्सं द्या. मीटिंग न्हाई, ठराव न्हाई, कमिटी न्हाई. सोसायटी मी बघतो. पाणी येईल." सगळ्यांनी हात वर केले. काहींनी दोन्ही केले. ज्या कमिटीला घरी पाठवायचं होतं, तिच्या सभासदांनी तर सगळ्यांच्या आधी केले. सेक्रेटरी कुसुमताई ‘बिनविरोध’ असा शब्द लिहून पेनाला टोपण लावणार, तेवढ्यात यज्ञेश्वर मेहेंदळे उठले.

मेहेंदळे सभेत उठले की जाणती माणसं घड्याळाकडे बघतात. एरवी हा गृहस्थ अगदी निरुपद्रवी. विमा कंपनीतून निवृत्त, सकाळी फिरायला जाणार, पेपरात खडकवासल्याचा पाणीसाठा वाचून दाखवणार, भाजीवाल्याशी सौम्य वाद घालून हरणार. पण सभा म्हटली की त्यांच्या अंगात काहीतरी संचारतं. ते कोटाचं नसलेलं बटण लावल्यासारखा हात छातीशी नेतात आणि सुरू होतात.

"माझी हरकत आहे. लोकशाही मोडायची असेल, तर तीही लोकशाही मार्गानेच मोडली पाहिजे. गुप्त मतदान घ्या."

"अहो, सगळ्यांचे हात वर आहेत," कुसुमताई म्हणाल्या.

"एकमेकांकडे बघून वर केलेत ते. हिंदुराव समोर उभे असताना कोण खाली ठेवणार? माणसाला एकटं सोडा, हातात पेन्सिल द्या, मग बघा तो काय करतो."

लोक कुरकुरले. घरी जाऊन रिकाम्या बादल्यांकडे बघत बसायचं सोडून हे काय नवीन, असा एकूण सूर होता. पण हिंदुरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "घ्या की मतदान. सायेब म्हंत्यात तर होऊन जाऊ द्या." वाक्य साधंच होतं, पण मेहेंदळ्यांना ते लागलं. लोकशाहीला परवानगी दिल्यासारखं ते बोलणं झालं होतं.

हिंदुरावांबद्दल गैरसमज नको. ते गुंड नव्हते, पुढारी नव्हते. जिथे आज ‘कृतार्थ’ उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं ज्वारीचं रान होतं. बिल्डरने रान घेतलं, बदल्यात फ्लॅट दिले, हिंदुरावांनी बाकीचे विकून गच्चीला लागून असलेला एक ठेवला. कात्रजच्या अंगाला त्यांची विहीर होती, पाणी वाहणारे दोन टँकर होते, आणि काम अडलं की कोणाला फोन करायचा याची उपजत जाण होती. कमिटीकडे यातलं काही नव्हतं. कमिटीकडे उपविधी होते.

सुरुवातीच्या वर्षांत या उपविधींवर लोकांचं केवढं प्रेम होतं! बोअरला पाणी होतं, मासिक वर्गणी नाममात्र होती, कोजागिरीला सभा भरायची आणि मसाला दुधाचे पेले हातात घेऊन लोक म्हणायचे, आपल्यासारखी लोकशाही पद्धतीने चालणारी सोसायटी उभ्या बिबवेवाडीत नाही. मग बोअर आटली. टँकरची वर्गणी आली आणि बघता बघता मूळ वर्गणीहून मोठी झाली. मेहेंदळ्यांसारख्यांच्या ठेवींवरचं व्याज उतरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाची आयटीतली नोकरी गेली, आणि त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांचा संसदीय पद्धतीवरचा विश्वासही गेला. आता सभेत लोक दुधाऐवजी आवाज घेऊन येत.

दुसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर दाते राहत. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जगात काहीही बिघडलं की ते आपल्याला आधीच ठाऊक होतं असा चेहरा करायची त्यांना सवय होती. सभा संपल्यावर जिन्यात त्यांनी मेहेंदळ्यांना गाठलं.

"मेहेंदळे, तुम्ही लोकांना विचारणार, लोकशाही हवी का. त्यांना ऐकू येणार, पाणी आलं का. आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणार. हे सगळीकडे असंच आहे. खिशात चार पैसे खुळखुळत असले की माणूस राज्यघटनेवर खूश असतो. महागाई वाढली, की त्याला एक खमका माणूस हवासा वाटतो."

"हा माणसांचा अपमान आहे, दाते."

"अपमान नाही, निरीक्षण आहे. मी तीच गोष्ट आयुष्यभर शिकवली. मुलं झोपायची, पण गोष्ट खरी होती."

"नळावर मूल्यं ठरत नसतात! या सोसायटीत दहा माणसं तरी अशी निघतील."

"दहा कशाला?" दाते शांतपणे म्हणाले. "कोरड्या नळाखाली उभं राहून एका माणसानं जरी कमिटीला मत दिलं, तरी माझा सिद्धांत मी मागे घेतो. भर पार्किंगमध्ये, सगळ्यांदेखत."

झालं. आता हा ‘कृतार्थ’चा प्रश्न राहिला नाही. मेहेंदळ्यांच्या मते मनुष्यजातीची अब्रू पणाला लागली होती, आणि ती वाचवायची जबाबदारी नेमकी त्यांच्यावर आली होती. घरी येऊन त्यांनी बायकोला हे सांगितलं. श्यामलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हेमा उद्या बाळाला घेऊन येतेय. मनुष्यजातीचं झाल्यावर पिंप भरायचं तेवढं बघा."

हेमा म्हणजे त्यांची मुलगी. पहिलं बाळंतपण. दवाखान्यातून ती थेट माहेरी येणार होती. मेहेंदळ्यांना नातीचा आनंद झालेला होताच, पण सध्या तो आनंद जरा बाजूला ठेवून त्यांना सहकारी संस्थांच्या कचेरीत जायचं होतं. अशा मतदानाचा नियम काय, हे विचारून घेतलं पाहिजे होतं.

कचेरीतल्या कारकुनानं त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, हेच मेहेंदळ्यांना विशेष वाटलं.

"कमिटी मोडून एका माणसाकडे कारभार? असं करताच येत नाही," तो म्हणाला.

मेहेंदळ्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बेकायदेशीर!"

"तसं नाही. कमिटीनं राजीनामा द्यायचा, मग प्रशासक नेमता येतो."

"आणि प्रशासक नेमायला काय लागतं?"

"कमिटीचा ठराव."

"राजीनामा दिलेल्या कमिटीचा?"

"तेच तर. म्हणून म्हटलं, येत नाही." मग मेहेंदळ्यांची दया येऊन तो जरा पुढे झुकला. "काका, एक सांगू? कमिटी कागदावर ठेवा, फक्त भरवू नका. आपसात काय ठरवायचं ते ठरवा, आणि आम्हाला कळवू नका."

मेहेंदळे भर उन्हात रिक्षा शोधत बराच वेळ उभे राहिले. लोकशाही कागदावर ठेवायची आणि भरवायची नाही, हे वाक्य त्यांना बोचत होतं. त्याहून जास्त बोचत होतं ते हे, की कारकून ते किती मायेने बोलला.

मतदानाची घोषणा झाली आणि एका बारीकशा हरकतीचा डोंगर व्हायला लागला. पहिला घोळ मतदारांचा. एका फ्लॅटला एक मत, आणि ते करारनाम्यावर ज्याचं नाव पहिलं त्याचं. मेहेंदळ्यांनी सगळ्यांना करारनामे काढून बघायला लावले, तेव्हा पाच घरांत असं निघालं की गृहकर्जाच्या व्याजात सवलत मिळते म्हणून नवऱ्यांनी बायकोचं नाव पहिलं घातलं होतं आणि नंतर साफ विसरून गेले होते. वर्षानुवर्षं सभांमध्ये घसा फोडून बोललेले हे पाच पुरुष एका संध्याकाळी मतदार राहिले नाहीत. त्या पाच घरांत मेहेंदळ्यांचं नाव निघालं की पुरुष दार लावत आणि बायका उघडत.

दुसरा घोळ पेटीचा. श्यामलाबाईंनी हेमासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा मेहेंदळ्यांनी झाकणाला फट पाडून घेतला. रंगीत तालीम केली तर चिठ्ठ्या तुपानं पारदर्शक होऊन बाहेर आल्या, आणि कोणी कुठे फुली मारली ते लांबून वाचता येऊ लागलं. डबा धुवायला पाणी नव्हतं. शेवटी गणपतीतली वर्गणीची पेटी निघाली. तिच्यावर लाल अक्षरात ‘यथाशक्ती’ असं लिहिलेलं होतं. ते खोडू नये, असं दात्यांनी सुचवलं. निवडणूक अधिकारी म्हणून सर्वांनी दात्यांनाच नेमलं होतं, कारण प्रचार करणाऱ्यानं मोजणी करू नये हा नियम खुद्द मेहेंदळ्यांचा.

आणि तिसरा घोळ, सगळ्या घोळांचा बाप, म्हणजे आचारसंहिता. मेहेंदळ्यांनी ती सुवाच्य अक्षरात लिहून लिफ्टशेजारी लावली. पहिलं कलम होतं, उमेदवाराने मतदारास पाणी देऊ नये. हिंदुराव निवडणुकीच्या तोंडावर दोन टँकर आणून उभे करतील आणि खेळ तिथेच संपेल, ही भीती त्यात होती, आणि ती रास्त होती. पण मेहेंदळे न्यायाचे पक्के. कमिटी हीसुद्धा या निवडणुकीत एक पक्ष आहे, तेव्हा मतदानाच्या आधीचे दोन दिवस कमिटीनेही टँकर मागवू नये, असं दुसरं कलम त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. कुसुमताईंनी ते वाचून कलमावर बोट ठेवलं.

"मेहेंदळे, मग लोकांनी करायचं काय?"

"साठवावं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तत्त्वासाठी एवढं सोसायला हरकत नसावी."

सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर त्यांना ‘आयोग’ हे नाव पडलं ते तेव्हापासून.

प्रचाराला ते एकटेच घरोघर फिरले. तळमजल्यावरच्या आनंदीबाईंनी त्यांना प्रेमाने बसवून घेतलं. "तुमच्याच कमिटीला देणार हो मत. चांगलं काम करता तुम्ही."

"मी कमिटीत नाही, आनंदीबाई. मी फक्त—"

"असू दे. मत तुम्हाला. आणि पाणी हिंदुराव देईल ना?"

दोन्हीतलं एकच मिळेल, असं समजावण्यात मेहेंदळ्यांची दुपार गेली. शेवटी आनंदीबाई म्हणाल्या, "हे काही बरोबर नाही बाई," आणि ते वाक्य मेहेंदळ्यांच्या मनात घर करून बसलं. खरंच, हे बरोबर नव्हतं. बोलायचा हक्क आणि प्यायचं पाणी यांतलं एक निवडा, असं माणसाला विचारायची वेळ येते, तिथेच आधी काहीतरी चुकलेलं असतं. पण हा विचार प्रचारात सांगण्यासारखा नव्हता. त्यानं एकही मत वाढलं नसतं.

कुसुमताईंनी मात्र शब्द दिला. "सात वर्षं शिव्या खाल्ल्या मी या खुर्चीवर. तरी देईन मत. निदान शिव्या देणाऱ्याला बोलता तरी येत होतं." आणखी सहा-सात घरांनी असाच शब्द दिला. कोणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी म्हणालं, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय. मेहेंदळे मनातल्या मनात आकडा धरत होते. दहा होत नव्हती, पण आठ कुठे गेली नव्हती.

शेवटी ते हिंदुरावांकडेही गेले. प्रतिस्पर्ध्याला भेटणं हा शिष्टाचार आहे. हिंदुरावांच्या पत्नी शालूबाई चहा घेऊन आल्या. चार मजले चढून मेहेंदळ्यांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"पाणी न्हाई दिलं बघा," हिंदुराव संकोचून म्हणाले. "दारी आलेल्याला पाणी द्यायचं न्हाई, हे आमच्या घरात कधी झालं न्हाई. पर तुम्ही लिवलंय तसं."

मेहेंदळ्यांनी गरम चहा तसाच घशाखाली ढकलला. हिंदुराव थट्टा करत होते की खरंच नियम पाळत होते, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मतदानाचा रविवार उजाडला. गुरुवारी शहराचं पाणी नेहमीप्रमाणे बंद होतं, शुक्रवारी नेहमीप्रमाणे कमी दाबानं आलं म्हणजे आलंच नाही, आणि शनिवारी कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली. टँकर आचारसंहितेत अडकला होता. मेहेंदळ्यांच्या घरातलं पिंप शनिवारी रात्रीच तळाला गेलं होतं. पिंपाकडे बघायचं राहून गेलं, कारण शनिवारभर ते मतदानाच्या आडोशासाठी कोणाची चादर जाड आहे ते बघत होते.

सकाळी सरुबाई आली. सरुबाई आजूबाजूच्या सगळ्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालणारी. तिनं नेहमीप्रमाणे पाय लांब करून बाळ पायांवर घेतलं, चोळून चोळून तेल लावलं, डाळीचं पीठ चोळलं, आणि हात मागे केला. तिच्या हातात गरम पाण्याचा तांब्या यायला हवा होता. आला नाही.

"पानी आना की," ती म्हणाली.

श्यामलाबाईंनी पिंपात पाहिलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी असं फार थोड्या वेळा बघितलं होतं.

बाळानं सूर लावला. तेलानं आणि पिठानं माखलेलं ते एवढंसं बाळ सरुबाईच्या पायांवर असं वळवळत होतं, की कोणी उचलायला जावं तर हातातून सुळकन निसटावं. पुसून घ्यावं तर पीठ वाळून कातडीला बसलेलं. हेमा खोलीच्या दारात भिंत धरून उभी होती. रात्रभर जागी होती ती. ती रागावली नाही, नुसती रडायला लागली. "बाबा," एवढंच म्हणाली.

शेजारी सगळीकडे हाच कोरडेपणा होता. कुसुमताईंकडे प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्यांत बाळाचे पायसुद्धा निघाले नसते.

मेहेंदळ्यांनी बादली उचलली. लिफ्टपाशी थांबले नाहीत, कारण लिफ्टशेजारी आचारसंहिता होती. चार मजले ते बादली मांडीवर आपटत चढले आणि हिंदुरावांचं दार वाजवलं. हिंदुराव दाढी करत होते. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मेहेंदळ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आचारसंहितेचं काय करायचं, सायेब?"

"बाळाला मत नसतं," मेहेंदळे म्हणाले. आपला आवाज इतका बारीक निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

हिंदुराव हसले नाहीत. अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून त्यांनी स्वतःच्या टाकीतून दोन मोठे कॅन भरले, दोन हातांत घेतले आणि मेहेंदळ्यांच्या पुढे जिना उतरायला लागले. रिकामी बादली घेऊन मेहेंदळे मागून. कॅन मोरीत ठेवून हिंदुराव म्हणाले, "पोरीला पण न्हायला होईल एवढं हाय," आणि आले तसे गेले. मताचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर फार बरं झालं असतं. मेहेंदळ्यांना रागवायला काहीतरी मिळालं असतं.

मग मोरीतून वाफ आली. सरुबाईच्या हातातून पाण्याची धार बाळाच्या पाठीवर पडली, रडणं हळूहळू उचकीवर आलं आणि उचकी जांभईवर. धुरी झाली, दुपट्यात गुंडाळलं, बाळ झोपलं. न्हाऊन आलेल्या हेमाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी मेहेंदळ्यांना आपली लेक दिसली. पाणी म्हणजे काय, हे त्यांना या वयात त्या मोरीच्या दारात उभं राहून कळलं. पेपरात टीएमसीमध्ये वाचताना ते कधी कळलं नव्हतं.

त्यानंतर मेहेंदळे इस्त्रीचा शर्ट घालून मत द्यायला खाली गेले.

पार्किंगमध्ये सोलापुरी चादरीचा आडोसा होता. दात्यांनी नाव पुकारलं, चिठ्ठी दिली, आणि मेहेंदळे आत जाऊन उभे राहिले. एक स्टूल, एक पेन्सिल, चिठ्ठीवर दोन चौकोन. बाहेर लोकांचं बोलणं ऐकू येत होतं, पण आत कोणी नव्हतं. आपण मागितलेला एकांत हाच, असं त्यांना वाटलं.

त्यांनी पेन्सिल ‘कमिटी’च्या चौकोनापाशी नेली आणि त्यांना हेमाचं भिंत धरून उभं राहणं दिसलं. पुढच्या गुरुवारी काय? त्याच्या पुढच्या? कमिटी सभा बोलावील, गणसंख्या भरणार नाही, सभा तहकूब होईल. मेहेंदळ्यांना त्या सभा आवडत असत. पण नातीला रोज न्हायचं होतं. त्यांनी स्वतःशी हिशेब केला. कुसुमताई आहेत, आनंदीबाई बहुतेक आहेत, ती सहा-सात घरं आहेत. तेवढी माणसं लोकशाही सांभाळतील. तत्त्व काही आपल्या एकट्याच्या फुलीवर उभं नाही. एका आजोबाला एका मतापुरतं आजोबा राहू दिलं, तर आभाळ कोसळत नाही. हे सगळं त्यांना पटलं, आणि पटलं म्हणूनच बरं वाटलं नाही. त्यांनी दुसऱ्या चौकोनात फुली मारली, चिठ्ठीच्या नको तितक्या घड्या घातल्या आणि ती ‘यथाशक्ती’त टाकली. बाहेर येताना त्यांचा हात आपसूक छातीशी गेला होता.

संध्याकाळी मोजणी झाली. सगळे जमले होते. दात्यांनी चष्मा लावला आणि एकेक चिठ्ठी उलगडून वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचू लागले. "हिंदुराव. हिंदुराव. हिंदुराव." पाचव्या-सहाव्या चिठ्ठीपर्यंत मेहेंदळे स्थिर होते. मग त्यांनी कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताई पदराचं टोक बघत होत्या. आनंदीबाई दुसरीकडे बघत होत्या. ज्यांनी खांद्यावर हात ठेवला होता ते सगळे कुठे ना कुठे बघत होते. "हिंदुराव. हिंदुराव." पेटी संपत आली. कमिटीला एकही पडणार नाही, आणि पडलं नाही तर आपण कुठे फुली मारली ते सगळ्यांना कळेल. सगळ्यांची मतं एकाच बाजूला पडली, तर कसली गुप्तता उरते?

"कमिटी," दाते म्हणाले.

मग चोवीस बिऱ्हाडांची तोंडं एकदम मेहेंदळ्यांकडे वळली, आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. उरलेल्या चिठ्ठ्या त्या गलक्यातच वाचल्या गेल्या. तेवीस विरुद्ध एक.

दाते खुर्चीवरून उठले. त्यांनी चष्मा काढला. थट्टेचा मागमूस नसलेला त्यांचा चेहरा मेहेंदळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. "मंडळी, मी शब्द दिला होता. कोरड्या नळाखाली उभं राहून एका माणसानं मत दिलं. माझा सिद्धांत मी मागे घेतो." आणि त्यांनी दोन्ही हातांनी मेहेंदळ्यांचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर शिकवलेली गोष्ट चुकीची निघाली याचा त्या माणसाला खरोखर आनंद झाला होता, आणि हे मेहेंदळ्यांना सहन होण्यापलीकडचं होतं.

"दाते, ऐका, मी..."

"बोलू नका. आज बोलू नका."

कुसुमताई पुढे आल्या. "रागावू नका, मेहेंदळे. मला वाटलं, तुमचं एक मत आहेच. बाकीचेही देतील. मग माझ्या एकीनं काय होणार? दोन दिवस घरात थेंब नव्हता हो." त्यांच्यामागे आणखी चारपाच जण तेच सांगायला उभे होते, आणि प्रत्येक जण नेमकं तेच वाक्य बोलत होता जे मेहेंदळ्यांनी त्या चादरीआड स्वतःशी म्हटलं होतं. सगळ्यांनी लोकशाही एकमेकांच्या भरवशावर सोडली होती. मेहेंदळ्यांच्या भरवशावर तर सगळ्यात जास्त.

विजयी उमेदवारासाठी आणलेला झेंडूचा हार हिंदुरावांनी मधेच थांबवला. "मला नगं. ह्यो त्यांना घाला." हार मेहेंदळ्यांच्या गळ्यात पडला, फोटो निघाला, आणि व्हॉट्सॅपवर ‘आयोग’ या नावापुढे पहिल्यांदाच हात जोडलेलं चित्र आलं.

खुर्च्या आवरल्या गेल्या. माणसं पांगली. मेहेंदळे हार हातात घेऊन जिन्याशी उभे होते. खरं सांगावं की नाही, सांगितलं तर दात्यांना आधी सांगावं की श्यामलेला, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात हिंदुराव आले आणि शेजारी कठड्याला टेकून उभे राहिले. कोणी ऐकत नाही हे बघून ते हळू आवाजात म्हणाले,

"ते कमिटीचं मत म्या टाकलं, सायेब."

मेहेंदळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"समदीच मतं मला पडली असती तर लोक म्हंटले असते, दमदाटी केली. एक तरी उलटं पायजे. त्याबिगर निवडणूक कसली?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "पर मला वाटलं, दोन निघतील."

लोकशाहीवर मेहेंदळ्यांना तासभर बोलता आलं असतं. हातातला हार त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

हिंदुरावांनीच मग विषय बदलला. "पोरीचं बाळ कसं हाय? उद्या सकाळी पाणी लागंल न्हवं?"

"लागेल," मेहेंदळे म्हणाले.